बाळाच्या डोळ्यात सुरमा, मेंदूत शिसे

आपल्या घरात बाळ जन्मले की कानात अजान दिली जाते, सातव्या दिवशी अकीका होतो, जावळ निघते. या धामधुमीत कधीतरी घरातली दादी किंवा नानी कपाटातून सुरमेदानी काढते. पितळेची लहानशी दाणी, झाकणालाच जोडलेली सळई. "आँखाँ बड़ी होतीं, नज़र तेज़ होती," असे म्हणत ती सळई बाळाच्या दोन्ही डोळ्यांतून फिरते. बाळ रडते, डोळे चोळते, काळी मूठ तोंडात घालते आणि सगळे हसतात. तुळजापुरात, धाराशिवमध्ये, सोलापुरात, लातुरात हे दृश्य नवे नाही. उरुसाच्या बाजारात अत्तर, टोपी, तसबीह यांच्या शेजारी सुरम्याच्या पुड्या मांडलेल्या असतात. हजहून किंवा उमऱ्याहून येणारे नातेवाईक जमजम आणि खजुरांसोबत सुरमाही आणतात.

या सुरम्याच्या अनेक प्रकारांत शिसे असते. शिसे म्हणजे जुन्या बॅटरीतला, बंदुकीच्या गोळीतला जड धातू. बाळाच्या वाढत्या मेंदूला त्याचा जो अपाय होतो तो भरून काढणारे औषध आजवर निघालेले नाही. सुरमा हा लेखाचा एक भाग आहे. शिसे आपल्या घरात आणखी चार-पाच दारांनी येते, आणि त्यातली काही दारे आपल्या समाजातल्या धंद्यांशी जोडलेली आहेत. म्हणून या विषयावर आपल्या मासिकात आणि आपल्या भाषेत सविस्तर लिहावेसे वाटले.

इस्मिद कोणता आणि बाजारातला सुरमा कोणता

सुरम्याबद्दल बोलायला लागले की पहिले उत्तर येते, "सुन्नत आहे, त्यात अपाय कसा असेल?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, तो टाळून पुढे जाता येणार नाही. हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्या सुरम्याची शिफारस केली त्याचे नाव इस्मिद. इस्मिद म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते अँटिमनी या धातूचा दगड. बाजारात सुरम्याच्या नावाने जो करडा, चमकदार, जड दगड कुटून विकला जातो तो पुष्कळदा गॅलेना असतो. गॅलेना हे शिशाचे खनिज आहे. शुद्ध गॅलेनाच्या वजनात सुमारे ८७ टक्के शिसेच असते. दोन्ही दगड काळसर, दोन्ही चकाकतात. कुटून वस्त्रगाळ केल्यावर कोणता कोणता हे विकणाऱ्यालाही डोळ्यांनी सांगता येत नाही, मग आपण कुठून ओळखणार? पुडीवर "असली इस्मिद" छापल्याने आतला दगड बदलत नाही. २००४ साली खुद्द सौदी अरेबियातल्या सुरम्याच्या नमुन्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही नमुन्यांत निम्म्याहून जास्त शिसे निघाले होते.

आमच्या गावातल्या एका मौलाना साहेबांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सुन्नत इस्मिदची आहे, शिशाची नाही. आणि मूल आपल्याकडे अमानत आहे." नवजात बाळाच्या डोळ्यात सुरमा घालण्याला त्यांच्या मते रिवाज म्हणावे, दीनचा हुकूम म्हणू नये. हे त्यांचे मत. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे, पण विचारताना पुडीत काय असते तेही सांगावे. अर्धा प्रश्न विचारला तर उत्तरही अर्धेच मिळते.

वैद्यकीय जगाला ही गोष्ट कळून आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय आणि पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुलांच्या रक्तात शिसे जास्त का निघते याचा शोध घेताना तिथले डॉक्टर सुरम्यापर्यंत पोहोचले. १९६८ आणि १९७८ साली तिथल्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख आले. अमेरिकेत शिशाचा सुरमा सौंदर्यप्रसाधन म्हणून विकण्यास परवानगी नाही. भारतातही सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत रंगासाठी शिसे आणि आर्सेनिक वापरण्यास मनाई आहे. पण उरुसाच्या पालावर किंवा मशिदीबाहेरच्या गाड्यावर पुडी तपासायला कोण येणार?

काही जण म्हणतात की डोळ्यातून शिसे रक्तात जात नाही. डोळ्याच्या त्वचेतून ते थेट किती शोषले जाते यावर तज्ज्ञांत खरोखर मतभेद आहेत. पण बाळाच्या बाबतीत हा वाद तसा निरर्थक आहे, कारण बाळ डोळे चोळते आणि तीच बोटे चोखते. अश्रूंबरोबर सुरमा नाकाच्या मागून घशातही उतरतो. एक साधा हिशेब करून पाहा. वर्षाच्या बाळाच्या अंगात साधारण पाऊण लिटर रक्त असते. त्या सगळ्या रक्तात मिळून चाळीस मायक्रोग्रॅमच्या आसपास शिसे असले तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या मते डॉक्टरांनी लक्ष घालून कारण शोधायला हवे, अशी पातळी गाठली जाते. साखरेच्या बारीक दाण्याइतका, म्हणजे एक मिलिग्रॅम गॅलेना पोटात गेला तर त्यात साडेआठशे मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असते. हे सगळे शोषले जात नाही, बरेचसे शौचावाटे निघून जाते, हे खरे. पण सुरमा एकदाच कुठे घातला जातो? रोज संध्याकाळी घातला जातो, वर्ष-दोन वर्षे.

दुधाचे दात काय सांगून गेले

शिशाने माणूस आजारी पडतो हे जुन्या काळापासून माहीत होते. पोटात मुरडा, हातपाय लुळे पडणे, झटके, शुद्ध हरपणे, अशी लक्षणे दिसली की शिशाची विषबाधा म्हणत. ज्या मुलात यातले काहीच दिसत नाही ते ठीक आहे, असे डॉक्टरही मानत. हा समज मोडला तो अमेरिकेतल्या हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञाने, आणि शिक्षिका म्हणून मला त्यांची पद्धत फार भावते.

रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होते, त्यामुळे आजचे रक्त पाहून मुलाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत काय घडले ते कळत नाही. हाडे आणि दात मात्र शिसे साठवून ठेवतात. नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवले. आपल्याकडे पडलेला दात कौलांवर फेकतात, तिकडे तो उशीखाली ठेवतात. इथे तो प्रयोगशाळेत गेला. दोन हजारांहून अधिक मुलांबद्दल त्यांच्या वर्गशिक्षकांना साधे प्रश्न विचारले होते. मूल लक्ष देते का? हातातले काम पूर्ण करते का? सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी क्रमाने करते का? चटकन रडवेले होते का? कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. १९७९ साली निकाल प्रसिद्ध झाला. दातात शिसे जसे वाढत गेले तसे शिक्षकांनी "नाही, जमत नाही" असे नोंदवलेल्या मुलांचे प्रमाण पायरीपायरीने वाढत गेले होते. ही मुले आजारी नव्हती, खेळत होती, शाळेत येत होती. शिशाच्या धंद्यातल्या कंपन्यांना हे अर्थातच मानवले नाही. नीडलमन यांच्यावर पुढे संशोधनात लबाडी केल्याचा आरोप झाला, चौकशी बसली आणि त्यातून ते निर्दोष सुटले.

२००५ साली वेगवेगळ्या देशांतल्या सात अभ्यासांमधली तेराशेहून अधिक मुले एकत्र घेऊन हिशेब मांडला गेला. एका डेसिलिटर रक्तातले शिसे अडीचवरून दहा मायक्रोग्रॅमवर गेले तर बुद्ध्यांक जवळजवळ चार गुणांनी घसरतो, पुढे दहावरून वीसवर गेले तर आणखी सुमारे दोन गुणांनी. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पहिल्या थोड्याशा शिशानेच जास्त नुकसान होते. म्हणूनच "इतके चालते" अशी सुरक्षित पातळी आता कोणी सांगत नाही. अमेरिकेत १९९१ साली दहा ही काळजीची रेषा होती, २०१२ मध्ये ती पाचवर आली, २०२१ मध्ये साडेतीनवर.

चार गुणांनी काय बिघडते, असे वाटेल. एका मुलाकडे पाहिले तर काहीच कळणार नाही. पण चाळीस मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. जी मुले कशीबशी भागाकारापर्यंत पोहोचली असती ती वजाबाकीतच अडकतात. धडा वाचता येतो, पण खालच्या ओळीपर्यंत येताना वरची ओळ निसटते. अशा मुलाला आपल्याकडे "मठ्ठ" म्हणतात, "ढ" म्हणतात, घरी "दिमाग नहीं है इसको" म्हणतात. आपल्या मुलांच्या बाबतीत तर घरची भाषा दखनी, मदरशाची उर्दू आणि शाळेची मराठी, म्हणून सगळा दोष भाषेवर टाकायला सोपे जाते.

मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या रक्तात शिसे असते, असे मात्र कोणी समजू नये. कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज असणे, अर्धपोटी असणे, घरातली भांडणे, ऊसतोडीला जावे लागणे, अशी कितीतरी कारणे असतात आणि ती जास्त आढळतात. फरक एवढाच की त्यातली बरीच कारणे शिक्षकाला किंवा आईला दिसतात. शिसे दिसत नाही.

शरीर फसते कसे

शिशाची खोड अशी की शरीराला ते कॅल्शियम वाटते. आतड्यात कॅल्शियम आणि लोह घेण्याच्या ज्या वाटा आहेत त्यांनीच ते आत शिरते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा थोडाच भाग रक्तात जातो. लहान मुले तेवढ्याच शिशातून चार-पाच पट जास्त शोषून घेतात. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचे यावर पहारा ठेवणारी जी यंत्रणा आहे ती बाळात अजून कच्ची असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जोडण्या करत असतात. कुठली जोडणी ठेवायची, कुठली छाटायची, हे ज्या संदेशांवर ठरते त्यात कॅल्शियमचा मोठा वाटा असतो. त्या जागी शिसे बसले की संदेश चुकतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येक गरोदर स्त्रीच्या घरच्यांना माहीत असावी. आईच्या हाडांत वर्षानुवर्षे साठलेले शिसे गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते, कारण बाळाची हाडे घडवायला आईच्या हाडांतले कॅल्शियम निघते आणि त्याच्याबरोबर शिसेही. वार त्याला अडवत नाही. त्यामुळे सुरमा फक्त बाळाला नको, असे म्हणून भागत नाही. होणाऱ्या आईनेही तो घालू नये. गरोदरपणात भाजकी माती किंवा पांढरी माती खायची इच्छा होते, काही ठिकाणी ती किराणा दुकानातही मिळते. मातीची ही ओढ पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते आणि त्या मातीत शिसे असू शकते. डॉक्टरांना लाजून सांगायचे राहते, ते सांगावे.

नागपूर, मुंबई आणि आपण

हा प्रश्न महाराष्ट्रात मोजला गेलेला आहे. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचे रक्त शिशासाठी तपासले गेले, तेव्हा जवळजवळ निम्म्या मुलांत दहा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे निघाले. त्याच सुमारास बेंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह सात शहरांत केलेल्या तपासणीतही बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांची हीच अवस्था होती. नागपुरात डॉ. अर्चना पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या २९७ मुलांचा अभ्यास केला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. दोन तृतीयांश मुले दहाच्या वर होती. धोका वाढवणाऱ्या कारणांत तिथे सुरम्याचेही नाव आहे.

त्या काळी मोठा वाटा पेट्रोलचा होता. पेट्रोलमध्ये शिसे मिसळत असत, ते धुरातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून घरात येई. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यानंतर मुंबईत पुन्हा मुले तपासली तेव्हा दहाच्या वरची मुले निम्म्यावरून सुमारे एक तृतीयांशावर आली होती. एका सरकारी निर्णयाने लाखो मुलांच्या डोक्यावरचे ओझे हलके झाले. पण उरलेले एक तृतीयांश कुठून आले? पेट्रोल गेल्यावरही २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या अहवालात भारतातल्या सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात पाचहून जास्त शिसे असावे असा अंदाज मांडला गेला. जगभरातल्या अशा मुलांचा आकडा ८० कोटींपर्यंत आहे, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा आपल्याकडे.

यात बॅटरीचे नाव पहिले घ्यावे लागते. रिक्षा, ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, सगळीकडे शिशाची बॅटरी लागते. दुरुस्ती, भंगार, गॅरेज या कामांत आपली कितीतरी मुले आहेत. कष्टाचा आणि हलालचा धंदा आहे, त्याला नावे ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण जुनी बॅटरी फोडून आतल्या पट्ट्या घराच्या मागे चुलीवर वितळवणे म्हणजे अंगणात विष पेरणे आहे. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत असेच काम चालत असे. तिथे २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या मार्चपर्यंत काही महिन्यांत १८ लहान मुले दगावली, आणि कारण बॅटऱ्यांच्या शिशाची धूळ निघाले. आपल्याकडे २००१ पासून नियम आहे की जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी आणि ती नोंदणीकृत कारखान्यात जावी. २०२२ च्या नव्या नियमांनी ही जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली. तरी फोडून विकले तर चार पैसे जास्त सुटतात, म्हणून फोडतात.

जे वितळवत नाहीत, फक्त दुरुस्ती करतात, त्यांच्या घरीही कपड्यांवरून, केसांवरून, बुटांवरून धूळ येते. अब्बा दारात आले की मूल धावत जाऊन पायाला मिठी मारते. ती मिठी पाच मिनिटे थांबवा. कामाचे कपडे दुकानातच बदला, हातपाय आणि तोंड साबणाने धुवा, जमल्यास आंघोळ करा. ते कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर एका बादलीत भिजवू नका.

दुसरी गोष्ट कल्हईची. पितळी-तांब्याच्या भांड्यांना कल्हई करणारे कारागीर मराठवाड्यात बहुतेक आपलेच. भट्टी, भाता, नवसागर, कापसाचा बोळा, आणि बघता बघता भांडे चांदीसारखे होते. लहानपणी ते बघायला आम्ही तासभर उभे राहायचो. खरी कल्हई शुद्ध कथलाची असते आणि तिच्यात काही वाईट नाही. कथील महाग आहे, शिसे स्वस्त. कथलात शिसे मिसळले तर भांडे तसेच चमकते, पण आंबट पदार्थ शिजवला की शिसे अन्नात उतरते. आपल्या लग्नांत देगेत काय शिजते? दालचा, चिंच घालून. कल्हईवाल्या चाचांना स्पष्ट विचारावे, कथील कुठले आणि शुद्ध आहे का, आणि शुद्ध कथलाचे दोन पैसे जास्त द्यायची तयारी ठेवावी. दिवसभर भट्टीपुढे बसणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या घरातल्या लेकरांचाही हा प्रश्न आहे. रोजच्या घरात आंबट पदार्थ स्टीलमध्ये करणे सर्वांत सोपे. भंगारातून ओतलेली हलकी जर्मनची पातेलीही शिशापासून मुक्त असतील याची खात्री नाही. त्यांत चिंच-टोमॅटो शिजवू नये, शिजवलेले रात्रभर ठेवू नये.

रंगाचे सांगायचे तर २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात दहा लाख भागांत नव्वद भागांहून जास्त शिसे असू नये असा नियम आहे. पण दार-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट तसाच आहे, विशेषतः पिवळा, केशरी आणि लाल. ईदच्या आधी घर सजवताना तो पॉलिश पेपरने घासतात आणि सगळी धूळ घरात राहते. घासायचेच असेल तर ओले करून घासावे, गरोदर सून आणि लहान मुले त्या दिवशी नात्यात कुठेतरी पाठवून द्यावीत. भिंतींना चुना असेल तर चिंता नाही. मुलांसाठी खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहावे, २०२१ पासून ते बंधनकारक आहे. नवरात्रात आमच्या तुळजापुरात आणि उरुसात धाराशिवला जी रंगीत खेळणी पालांवर मिळतात त्यांवर ते अनेकदा नसते. दात येणाऱ्या बाळाच्या हाती ती देऊ नयेत. शेजारच्या बहिणींशी बोलताना हेही सांगायला हरकत नाही की शेंदूर म्हणजे मुळात शिशाचेच भस्म. तो लहानांच्या हाती लागू नये.

हळदीबाबत एक दिलासा देणारी हकिकत आहे. बांगलादेशात हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट हा रंग चोळत, आणि गरोदर स्त्रियांच्या रक्तातले शिसे त्या हळदीचे असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. २०१९ साली तपासलेल्या हळदीत ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. सरकारने बाजारात छापे घातले, जागेवर तपासणी करणारी यंत्रे वापरली, वर्तमानपत्रांतून आणि भित्तिपत्रकांतून लोकांना सावध केले. २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. आपल्याकडे सांगली आणि हिंगोलीकडची हळद मिळते. अख्खी हळकुंडे घेऊन दळून आणावीत. हात लावताच बोट पिवळे होईल इतकी रंगीत हळकुंडे घेऊ नयेत.

शिशाशिवाय आणखी काही गोष्टी आहेत. चुलीचा धूर बाळाच्या फुप्फुसांइतकाच मेंदूलाही मानवत नाही. पिकावर आणि वाळवीवर वापरले जाणारे क्लोरपायरीफॉस गर्भातल्या बाळाच्या मेंदूला घातक ठरू शकते, म्हणून अमेरिकेत ते घरगुती वापरातून पंचवीस वर्षांपूर्वीच काढले गेले. सोयाबीनवर फवारणी करून आलेला पंप आणि रिकामा डबा घरात ठेवू नये, डब्यात पाणी तर भरूच नये. यावर स्वतंत्र लेख लागेल.

घरात काय करता येईल

ज्या पोटात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असते तिथे शिसे कमी शिरते. रिकाम्या पोटी ते जास्त शिरते. चहा-खारी खाऊन सकाळी सातला शाळेत येणारी मुले मी रोज पाहते. ज्वारीची भाकरी, मेथी, अंडे, कधी कलेजी, दूध, खजूर, वर लिंबू पिळलेले काही, यात महाग असे फार नाही. जेवणाबरोबर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांत रक्त कमी आढळले. म्हणजे शिशासाठी दार उघडेच आहे. शिसे स्वतःही रक्त तयार होण्यात अडथळा आणते, त्यामुळे गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर डॉक्टरांना शिशाबद्दल जरूर विचारावे.

कोरड्या झाडूने धूळ उडते, ओल्या फडक्याने ती उचलली जाते. रांगणाऱ्या बाळाच्या घरात फरशी रोज ओली पुसावी. जुम्याला नखे कापायची आपली सवय आहेच, लहानांच्याही नखांकडे तेव्हाच पाहावे, कारण धूळ तिथेच साठते.

दादीला दुखवायचे नसेल तर काय करावे, असे अनेक तरुण आया विचारतात. दिव्याच्या काजळीचे घरगुती काजळ शिशाच्या दृष्टीने बरे, पण बाळाच्या डोळ्यात बोट घालून काहीही लावू नये असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण जंतुसंसर्ग होतो. नजरेची भीती असेल तर मुअव्विजतैन पढून दम करावा. दादीनेच तो करावा, तिचा मान राहतो. सुरमेदानी कपाटात शोभेला ठेवायलाही हरकत नाही, मात्र आतली पूड रिकामी करून, दाणी नीट धुऊन.

ज्या मुलाला वर्ष-दोन वर्षे रोज सुरमा घातला आहे, जे माती खाते, ज्याच्या घरात बॅटरीचे काम चालते, किंवा जे बोलायला-चालायला उशीर करत आहे, त्याची रक्तातील शिशाची तपासणी करावी का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारावे. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात, ते वाढीतला उशीर पाहतात, पण ही रक्ततपासणी त्यात होत नाही. ती वेगळी सांगावी लागते. शिसे निघाले तर घाबरून भोंदू औषधांच्या मागे लागू नये, काही देशी भस्मांतही शिसे असते. ४५ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर रुग्णालयात शिसे बाहेर काढणारी औषधे देतात. त्याखाली मुख्य उपचार एकच, शिसे कुठून येते ते शोधून बंद करणे आणि लोह-कॅल्शियम देणे. स्रोत बंद झाला की रक्तातले शिसे उतरते. झालेले नुकसान पूर्ण भरत नाही, पण पुढचे थांबते, आणि भरपूर बोलणे, गोष्टी सांगणे, खेळवणे यांनी मूल बरेच सावरते.

लोहाची गुलाबी गोळी प्राथमिक शाळेत आठवड्यातून एकदा फुकट मिळते, लहान भावंडांसाठी अंगणवाडीतून सिरप मिळते. "गोळी से पेट दुखता" म्हणून काही पालक त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवतच नाहीत. गोळी उपाशीपोटी देत नाहीत, खिचडी खाल्ल्यावर देतात. कोणाला मळमळ झालीच तर पुढच्या वेळी आधी पोटभर जेवू घालावे आणि बाईंना तसे सांगावे.